नावाचं भाडं

मंगळवार, ३ जून २०२५

वर्षाला तेराशे रुपये – जास्त की कमी? दुपारपासून विचार करतेय. अप्पांच्या शिलाईच्या दुकानात तेराशे म्हणजे अस्तराचे चार ब्लाउज, काजबटणासकट. इथे म्हैसुरात देवराज मार्केटात लग्नाची फुलं घ्यायला गेलं तर तेवढे दहा मिनिटांत जातात, कोणी मागे वळूनही बघत नाही. मग जास्त की कमी?

झालं असं, की केंद्राची वेबसाइट गेली! सकाळी उघडली तर तिथे लेहेंग्यांच्या जाहिराती. वर बारीक अक्षरांत एक ओळ – या नावाची मुदत संपली आहे.

केंद्र म्हणजे आमच्या शिंपी समाजाच्या संघाचं बायकांचं होलिगे केंद्र, म्हणजे शिवणकेंद्र. तेवीस बायका, अकरा पायमशीनं, भजनमंदिराच्या मागचा हॉल. शिवण सोडून बाकीचं सगळं माझ्याकडे, कारण मी बी.कॉम. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. घरच्यांच्या मते पदवीत सगळंच येतं – वेबसाइट, आधारची दुरुस्ती, मिक्सर का फिरत नाही ते.

साइट गेल्याचं एवढं वाटलं नसतं. पण तिच्याबरोबर केंद्राची मेलही गेली, आणि बंगळूरच्या फाउंडेशनचा अर्ज त्या मेलवर आहे. दहा मोटारची मशीनं! पहिल्या फेरीत आपण निवडले गेलो. दुसरा फॉर्म पंधरा जुलैच्या आत भरायचा, आणि तो उघडायला जो कोड लागतो तो त्या मेलवरच येतो. फोन केला. मेल मध्येच बदलता येत नाही म्हणाले. जीमेल तर मुळीच नाही – संस्था खरी असल्याचा पुरावा म्हणजे स्वतःच्या नावाची मेल.

धावत रंगनाथमामांकडे गेले. ते संघाचे सेक्रेटरी. आजच तेराशे भरू या म्हटलं. ते कापडावर खडू फिरवत होते, मान वर केली नाही. हजाराच्या वरचा खर्च कार्यकारिणीत मंजूर व्हावा लागतो, मीटिंग रविवारी.

"पाच दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

गुरुवार, ५ जून

कोसळलं. कालपासून तेराशेचे अकरा हजार दोनशे झाले. मुदतीनंतरची सवलत परवा संपली. आता नाव 'सोडवून' घ्यावं लागतं, गहाण दागिन्यासारखं.

अप्पांना समजावून सांगितलं. नाव विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीवर मिळतं. आपण ज्याच्याकडून घेतो तो किरकोळ दुकानदार. त्याच्यामागे घाऊक मालक, आपल्यासारखा 'डॉट ऑर्ग' शेवट असलेल्या सगळ्या नावांची यादी ज्याच्याकडे असते तो. पूर्वी त्या घाऊक दराला वाढीची मर्यादा होती, ती २०१९ मध्ये काढली. आणि खास सेवाभावी संस्थांसाठी म्हणून जो दुसरा शेवट काढलाय, तो साध्या नावापेक्षा महाग आहे!

अप्पा बाही जोडत होते. म्हणाले, "भिंत नाही, शटर नाही, आणि भाडं मात्र दर वर्षी. जागा बघून घ्यायची होती."

रविवार, ८ जून

मीटिंग. मी चार पानी टिपण काढून नेलं होतं. 'नावाची फी आणि गरीब समाजांचं इंटरनेटबाहेर राहणं' असा विषय. दुसऱ्या पानावर वीज गेली.

वीज आली तेव्हा वर बघितलं. हॉल-व्हरांडा मिळून चौदा पंखे. प्रत्येकाच्या पात्यांवर लाल रंगात – कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. सहा घड्याळं, सगळ्यांवर नावं, सहांच्या सहा वेगळ्या वेळा. ट्यूबलाइटवर इतकी नावं रंगवली आहेत की उजेड पडतो तो नावांच्या फटींतून. आणि चौदा पंख्यांपैकी पाच जिथे लावले तिथे कोणी बसतच नाही. जागा संपली म्हणून चार व्हरांड्यात आणि एक चपलांच्या कपाटावर!

मी म्हटलं, वेळेवर भरलं तर एका पंख्याच्या पैशात दोन वर्षं नाव राहतं, आता चार पंख्यांचे लागतील. एवढं एकच दान कोणी दिलं तर...

खजिनदारांनी विचारलं, "त्याच्यावर दात्याचं नाव कुठे घालायचं?"

कुठेच नाही म्हटलं. ते दिसत नाही. फक्त असतं.

मामांनी मिनिट्स लिहिली – विषय महत्त्वाचा असून सदस्यांनी विचार करावा. त्याच मीटिंगमध्ये पंधरावा पंखा मंजूर झाला.

सोमवार, ९ जून

रडले. मग राग आला. मग इडल्या सहा खाल्ल्या.

बुधवार, ११ जून

पैशाचं बघू, आधी नाव विकणाऱ्या कंपनीकडचं खातं तरी उघडू म्हणून मामांकडून नाव घेतलं तेव्हाची, २०१९ ची फाइल आणली. खातं उघडेना. कोड एका मेलवर जातो, ती मेल कुणाची कळेना. पावती चाळली. त्या नावाच्या मालकाच्या रकान्यात काय लिहिलंय –

श्रीमती अंबुबाई मानाजीराव.

तीनदा वाचलं. अंबुबाई म्हणजे अशोका रोडवरच्या स्टीलच्या भांड्यांच्या दुकानवाल्या संताजीरावांच्या आई. ते काही आमच्या समाजाचे नव्हेत, जुन्या मराठा शिलेदारांच्या घरातले. पण भजनमंदिराचे मोठे दाते. आणि अंबुबाई १९९४ मध्ये वारल्या. व्हरांड्यातल्या दोन पंख्यांवर तारखेसकट लिहिलंय.

मामांना विचारलं, हे काय केलंत? त्यांना यात काही चूक दिसेना. पहिल्या सहा वर्षांचे पैसे संताजीरावांनी दिले. फॉर्ममध्ये नावासाठी चौकट होती. रिकामी होती. "त्यांच्या आईंचं घातलं. पंख्यावर घालतो तसं."

'कैलासवासी' का नाही घातलं मग? तर म्हणे फॉर्ममध्ये श्री, श्रीमती आणि डॉक्टर एवढेच पर्याय होते.

म्हणजे गेले तीन महिने 'मुदत संपतेय, पैसे भरा' अशा मेल कंपनी पाठवत होती. अंबुबाईंना! त्यांच्या नावाची मेल संघातल्या ज्या पोराने काढली तो आता मस्कतला आहे. पासवर्ड आठवत नाही म्हणाला. तिकडे ऊन फार आहे, असंही म्हणाला.

गुरुवार, १२ जून

कंपनीला फोन. पलीकडे देवेश नावाचा माणूस. हिंदी आणि इंग्रजी. खूप नम्र. मी ठरवलं, सगळं खरं सांगायचं. सांगितलं – मालकीणबाई हयात नाहीत.

वाईट वाटल्याचं म्हणाला. कधी वारल्या?

एकोणीसशे चौऱ्याण्णव.

बराच वेळ की-बोर्डचा आवाज. मग अगदी हळू – "मॅडम, नाव तर त्यांनी २०१९ मध्ये घेतलंय."

हो म्हटलं.

आठ मिनिटं बासरी ऐकवली. परत आला तेव्हा दोन रस्ते सांगितले. एक, मृत्यूचा दाखला आणि वारसाचं प्रतिज्ञापत्र पाठवा, मग नाव संघाच्या नावावर होईल. दोन, मालकीणबाईंनी स्वतः नोंदवलेल्या फोनवरून बोलून ओळख पटवायची, एका गुप्त प्रश्नाचं उत्तर द्यायचं. दुसरा रस्ता मला वाचून दाखवणं त्याच्या नियमात आहे म्हणे. माफीही मागितली. दोन्हीत अकरा हजार दोनशे आहेतच. आणि चार जुलैपर्यंतच. त्यानंतर नाव सुटतं, जगात कोणीही घेऊ शकतं.

पहिला रस्ता बरोबर आहे. सरळ आहे. दाखला आणायचा, झालं!

मंगळवार, १७ जून

संताजीराव तिरुपतीला गेलेत. गुरुवारी येणार. तोपर्यंत वाचत बसले.

जगभरच्या नावांचे नियम ठरवणारी एक संस्था आहे. ती आता नवे शेवट वाटणार आहे – 'डॉट ऑर्ग'सारखे, पण आपल्या आवडीचे. अर्जाची फी दोन लाख सत्तावीस हजार डॉलर! गरीब संस्थांना मोठी सवलत आहे. ती पुरी मिळाली तरी तीसेक लाख रुपये. अप्पांना सांगितलं. त्यांनी टेप गळ्यात अडकवला आणि विचारलं, "सवलत नको म्हटलं तर चहा तरी देतात का?"

मी त्या संस्थेला पत्र लिहिलं. इंग्रजीत, तीन पानं. लिहिलं की फी डॉलरमध्ये थोडी दिसते, पण आमच्याकडे ती दर वर्षी नव्याने मागावी लागते. कार्ड लागतं, इंग्रजी लागतं, आठवण ठेवणारा माणूस लागतो. श्रीमंताचं नाव आपोआप चालू राहतं, आमचं एका मीटिंगने जातं. आपल्या लिपीत नाव स्वस्त मिळतं, पण ते घेतलं तर निम्मे फॉर्म त्याला पत्ताच मानत नाहीत. (आणि आपली लिपी कोणती – मराठी की कन्नड – यावर संघात फूट पडेल, हे लिहिलं नाही.) पंख्यांबद्दल एक परिच्छेद लिहिला आणि खोडला. तो खोडताना वाटलं, मी लपवाछपवी करतेय का? पैसे नाहीत असं नाही. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी नाहीत. मग बाहेर कोण ठेवतंय – ते की आम्ही? परत लिहिला.

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं! उघडलं. 'या पत्त्यावरून आलेल्या मेलला उत्तर देऊ नये.'

शुक्रवार, २० जून

संताजीरावांकडे गेले. चार मुद्दे पाठ करून. अशोका रोडचं दुकान, दारापासून छतापर्यंत पातेली. काका गल्ल्यावर, शहात्तर वर्षांचे, मिशा अजून पीळदार. गिऱ्हाइकाला पातेलं दाखवतानाही आजोबा महाराजांच्या घोडदळात होते हे सांगतात. समोरच्या गिऱ्हाईक बाई झाकण बसतंय का बघत होत्या.

मी पहिला मुद्दा सुरू केला. त्यांनी हात वर केला आणि मागे बोट दाखवलं. देवांच्या तसबिरींच्या ओळीत एक चौकट. चंदनाचा हार, खाली लाल बल्ब. आत फोटो नाही – कागद! २०१९ मध्ये कंपनीने पाठवलेली पावती, रंगीत छापून. मालक, अंबुबाई मानाजीराव. त्याच्या खाली एक शब्द.

"वाच. काय लिहिलंय?"

ॲक्टिव्ह, म्हटलं.

"रेशनकार्डातनं काढलं. मतदार यादीतनं काढलं. पेन्शनच्या कागदावर तर मीच सही केली. ही एवढी एक जागा राहिली बघ, पोरी."

मग म्हणाले, अकरा हजारच कशाला, वीस देतो. पुढच्या दहा वर्षांचे देतो. पण दाखला मागायचा नाही आणि नाव बदलायचं नाही.

मी समजावलं. काका, दाखल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांनी कॉफी मागवली. मी म्हटलं, तेवीस बायकांचा प्रश्न आहे. त्यांनी कॉफीबरोबर मद्दूर वडा मागवला. तिसरा मुद्दा काढला तेव्हा त्यांनी फडक्याने त्या चौकटीची काच पुसली, पुसतच राहिले. चौथा मी काढला नाही.

येताना एक चमचा दिला. स्टीलचा. फुकट. त्यावरही नाव कोरलंय.

शनिवार, २१ जून

म्हणजे पैसे आहेत, पण अंबुबाई जिवंत असतील तरच. आणि खरं बोललं तर अंबुबाई वारतात, पैसे जातात. असा हिशेब कॉलेजात शिकवला नव्हता.

देवेशला चौथ्यांदा फोन केला. तिसरा रस्ता आहे का? नाही. पण कंपनीला मी तक्रारीची दोन पानी मेल पाठवली होती, ती वाचली म्हणाला. कंपनीचं छापील उत्तर पाठवावं लागलं, राग मानू नका.

शुक्रवार, २७ जून

आषाढातला पहिला शुक्रवार. सगळं म्हैसूर चामुंडीच्या डोंगरावर. आई पहाटे पाच वाजता रांगेत, अकरा वाजता घरी, हातात प्रसादाचा द्रोण, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

केंद्रात सामसूम. आषाढात लग्नं नाहीत, लग्नं नाहीत म्हणजे ब्लाउज नाहीत. हे दर वर्षीचंच. पण या वर्षी शाळेच्या गणवेशांचं कामही गेलं. साडेचारशे जोड होते. शाळेने विचारलं, पंधरा दिवसांत होतील? पायमशीनवर कसे होणार? काम हूटगळ्ळीच्या एका युनिटला गेलं. त्यांच्याकडे मोटारची मशीनं.

शांताक्का केंद्र चालवतात. पस्तीस वर्षं मशीनवर आहेत, उजवा गुडघा त्यांच्या आधी घरी जातो असं त्याच म्हणतात. आज त्या आणि तारा दोघीच होत्या. तारा माझ्याहून दोन वर्षांनी लहान, लग्न होऊन येलवालला दिली. तिने हळूच सांगितलं, सोमवारपासून ती नंजनगूडच्या कपड्यांच्या फॅक्टरीत जाणार. सहाची बस, परत यायला आठ. मुलगी सासूकडे. अजून तिघी विचार करतायत.

मी पत्राचं सांगू लागले, की जगाच्या व्यासपीठावर आपला मुद्दा मांडलाय. शांताक्का ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "लावण्या, मला इंटरनेट समजत नाही. दुसऱ्याच्या मशीनवर बसायला गेलेली बाई परत येत नाही, एवढं समजतं. ती दहा मशीनं कधी?"



रविवार, २९ जून

कार्यकारिणीची तातडीची बैठक. मी सगळं मांडलं. दोन रस्तेही सांगितले. सांगायला नको होते! मामा दुसऱ्या रस्त्याशीच थांबले.

म्हणजे अंबुबाईंनी फोनवर बोलायचं, एवढंच?

त्या नाहीत, मी म्हटलं.

"फोनवर कोण बघतंय?"

दहा मिनिटांत ठराव झाला! हे लोक, ज्यांना तेराशे रुपये मंजूर करायला पाच दिवस लागतात, त्यांनी एक बाई तीस वर्षांनी जिवंत केली आणि सूचक-अनुमोदकही लिहिले. नोंदवलेला फोन संताजीरावांच्या दुकानातला, तो अजून चालू आहे. काकांना तिथूनच फोन लावला. आढेवेढे घेतील वाटलं होतं. ते म्हणाले, आईचा आवाज खणखणीत होता, पुळचट बाई नको.

मग तालीम! हॉलमध्ये. देवेश मी, नाइलाजाने. पहिल्या शांताक्का. मी हिंदीत विचारलं, आप कौन बोल रही हैं? शांताक्का ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "मैं अंबुबाई बोलता है." पुढचा प्रश्न विचारला तर कन्नडात म्हणाल्या, गोत्तिल्ला – माहीत नाही. तारा आली, तिला 'अंबुबाई' म्हणताना हसू आवरेना. खजिनदारांच्या बायकोची हिंदी चांगली, पण तिने देवेशलाच विचारायला सुरुवात केली, तुम्ही कुठले, लग्न झालंय का. संध्याकाळी संताजीराव स्वतः आले आणि पदरासारखा टॉवेल घेऊन बारीक आवाजात बोलून दाखवलं. एक बाळ रडलं.

शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. हिंदी मला येते. इंग्रजी मला येते. फोनवर बोलायची सवय मलाच. समाजाने एक पोरगी शिकवली, ती यासाठी, अशा अर्थाचं मामा काहीतरी बोलले.

मी नाही म्हटलं. सरळ उठून म्हटलं. मी खोटं बोलायला शिकले नाही. फी अन्यायाची आहे असं जगाला लिहायचं आणि इथे मेलेल्या बाईच्या नावाने बोलायचं? मग आपल्यात आणि...

तशीच घरी आले.

सोमवार, ३० जून

तारा आज सहाच्या बसने गेली.

देवेशला फोन. अकरावा. मीच बोलते हे 'हॅलो'वरूनच ओळखतो आता. मुदत आठ दिवस वाढवा म्हटलं. त्याच्या हातात नाही. त्याच्या साहेबांच्याही नाही. घाऊकवाल्यांचा नियम सगळ्या जगाला एकच – मोठ्या बँकेलाही आणि होलिगे केंद्रालाही. "सब के लिए सेम है, लावण्याजी." त्याला वाटलं, यात मला बरं वाटेल.

मंगळवार, १ जुलै

अप्पांना विचारलं, तुम्ही असता तर काय केलं असतं? ते कॉलर उलटवत होते. म्हणाले, गिऱ्हाईक बावीसची कंबर सांगतं, मी सव्वीस धरून शिवतो, बिलावर बावीस लिहितो. तीस वर्षं. "कोण खोटं बोललं, तूच सांग."

ते वेगळं, म्हटलं. असेलही, म्हणाले.

बुधवार, २ जुलै

शांताक्का घरी आल्या. मला वाटलं, समजावायला. नाही. पाणी पिऊन म्हणाल्या, रविवारी सगळ्यांनी तुला कोंडीत धरलं, ते बरं नव्हतं. तुला बेडा तर बेडा – नको तर नको. कोणी काही बोलणार नाही, मी बघते.

आणि मग पदराखालून कागद काढला. नंजनगूडच्या फॅक्टरीचा फॉर्म. इंग्रजीत. मला भरून देशील का म्हणाल्या. वय कमी लिहू का – सत्तावन्नला घेत नाहीत, पन्नास लिही.

मी पेन घेतलं. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. वयाच्या चौकटीशी थांबले. शांताक्का माझ्या हाताकडे बघत होत्या, घाई करत नव्हत्या.

उद्या भरते म्हटलं. ठेवून गेल्या.

गुरुवार, ३ जुलै

सकाळी साडेदहाला संताजीरावांच्या दुकानात गेले. कोणाला सांगितलं नव्हतं, फक्त कंपनीच्या साइटवर ओळख पटवायचा फोन अकराला मागून ठेवला होता. त्यांनी गुप्त प्रश्नाचं उत्तर सांगितलं, २०१९ मध्ये फॉर्म भरताना खरं तेच लिहिलं होतं म्हणाले. शटर अर्धं ओढलं, म्हणजे पातेल्यांचा आवाज नको.

अकराला फोन वाजला. देवेशच. अंबुबाई मानाजीराव बोलत आहेत का?

मी हो म्हटलं.

पलीकडचा की-बोर्ड थांबला. अकरा वेळा ऐकलेला आवाज आहे, ओळखणार नाही कसा. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग तो वाचून दाखवतात तसा बोलला, एकेक शब्द सुटा करून – तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय?

"मी शाळेत गेले नाही," मी म्हटलं. अगदी स्वच्छ इंग्रजीत.

"करेक्ट, अंबुबाईजी."